शिरेपासून शिरेपर्यंत

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत हिंडलं की कानावर अहिराणी पडते. धुळे, नंदुरबार, जळगावकडून यंत्रमागावर आणि मिलमध्ये कामाला आलेली ही माणसं. घरात कुणाला कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी 'एकदा टाटाला दाखवून या' म्हटलं, की फाइल पिशवीत घालायची, पहाटेची फ्लाइंग राणी पकडायची आणि मुंबई सेंट्रलला उतरून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय गाठायचं. रक्ताच्या काही कॅन्सरांपुरता या वाटेला आता खारघरचा एक फाटा फुटला आहे. त्या फाट्यावर उभ्या असलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीची ओळख सुरतेतल्या मराठी घरांनाही असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कंपनी २०१८ सालची, पण काम त्याआधीचं. राहुल पुरवार हार्वर्डमधलं संशोधन आटोपून २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पवईच्या प्रयोगशाळेत त्यांनी अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर अशा तरुण संशोधकांना सोबत घेऊन कार-टी पेशी घडवायला घेतल्या. या पेशी म्हणजे रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी. शरीराच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या टी पेशींना कॅन्सरची पेशी कित्येकदा ओळखूच येत नाही. म्हणून त्या बाहेर काढायच्या, कॅन्सरच्या पेशीवरची एक खूण पकडणारा रेणू त्यांच्या अंगावर उगवेल अशी जनुकीय सूचना त्यांच्यात घालायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या. इथे ती खूण आहे सीडी१९. बी पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमियात आणि लिम्फोमात ती सापडते.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर सुरुवात ओळखीची वाटेल. डेंग्यूच्या दिवसांत एसडीपीसाठी, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेटसाठी, नातेवाइकांची धावपळ होते, तेव्हा ब्लड बँकेत दात्याला ज्या प्रकारच्या यंत्राला जोडतात, तसंच हे यंत्र असतं. एका हातातून रक्त जातं, हव्या त्या पेशी बाजूला निघतात, उरलेलं रक्त परत येतं. ती पिशवी नवी मुंबईतल्या कंपनीच्या कारखान्यात जाते. तिथे लेंटिव्हायरस नावाचा, स्वतःची वाढ करू न शकणारा विषाणू नवी सूचना पेशींच्या आत पोचवतो. मग पेशी वाढवायच्या, तपासायच्या आणि गोठवायच्या. एक रुग्ण म्हणजे एक बॅच. गोळ्यांचा कारखाना एका घाण्यात लाखो गोळ्या काढतो, इथे एकाच माणसासाठी सगळी यंत्रणा राबते आणि पिशवीवरचं नाव चुकून चालत नाही. पेशी परत यायच्या आधी रुग्णाला थोडे दिवस केमो देतात, म्हणजे नव्या पेशींना शरीरात जागा होते. प्रत्यक्ष पेशी चढवायला फारसा वेळ लागत नाही. खरी काळजी पुढच्या दिवसांची असते. ताप चढतो, रक्तदाब घसरतो, काहींना मेंदूचा त्रास होतो. म्हणून हे उपचार अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या रुग्णालयातच करतात.

परदेशात हे आधी झालं होतं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीवर हा उपचार झाला आणि तिचा ल्युकेमिया गेला. २०१७ मध्ये अमेरिकेत किमराया या नावाने पहिलं कार-टी औषध मंजूर झालं, किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर. रुपयांत कोट्यवधी. विमान आणि मुक्काम वेगळा.

पवईच्या मंडळींची खरी कामगिरी मला इथे दिसते. आयात करून तेच विकण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. सीडी१९ पकडणारा रेणू त्यांनी स्वतः आखला आणि माणसाच्या प्रथिनांशी जास्तीत जास्त जुळेल असा घडवला. या उपचारातला एक फार महागडा घटक म्हणजे विषाणू, तोही इथेच बनवला. पेशी वाढवण्यासाठी महागड्या स्वयंचलित यंत्रांवर विसंबून न राहता वेगळी पद्धत बसवली. आणि माणसावरच्या चाचण्यांसाठी त्यांना टाटा मेमोरियलचे डॉक्टर मिळाले, मोठ्यांसाठी हसमुख जैन, मुलांसाठी गौरव नरूला. केंद्राच्या बायोफार्मा मिशनने पहिल्या चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये दिले, २०२१ मध्ये लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने इम्युनोॲक्टमध्ये ४६ कोटी गुंतवले. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातल्या पहिल्या रुग्णाला कार-टी पेशी दिल्या गेल्या.

ॲक्ट्रेकचा वारसाही सांगायला हवा. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९५२ मध्ये मुंबईत उभारलेलं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर, तेच पुढे टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आलं आणि २००२ मध्ये खारघरला गेलं. तंबाखू चघळणं आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध खानोलकरांनी फार आधी अभ्यासला होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी इम्युनोॲक्टच्या नेक्सकार१९ या कार-टी औषधाला मान्यता दिली. इतर उपचारांनंतर उलटलेल्या किंवा त्यांना दादच न दिलेल्या बी पेशींच्या कॅन्सरांसाठी, १५ वर्षांवरच्या रुग्णांना. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांत औषधाने काम केलं. उपचारामुळे दोन मृत्यूही झाले, तेही त्यात नोंदलेले आहेत. दुसरा काही इलाज उरलेला नाही अशा माणसांचे हे आकडे आहेत, हे विसरून ते वाचू नयेत.

औषध बाजारात आलं तेव्हा किंमत ३० ते ४० लाखांच्या घरात होती. अमेरिकेच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा, आणि ही बातमी कौतुकाने सगळीकडे छापून आली. पण लिंबायतच्या खोलीतून हा आकडा कसा दिसतो? मागावरच्या कामगाराच्या आयुष्यभराच्या कमाईतून एवढे पैसे बाजूला पडत नाहीत. गुजरातने २०२३ मध्ये आरोग्य योजनेचं कवच १० लाखांवर नेलं, तरी मोठी दरी उरतेच. आपण आता 'स्वस्त'ची तुलना अमेरिकेशी करणं थांबवावं आणि कुटुंबाच्या उत्पन्नाशी करावी, इतकंच माझं मागणं आहे. तसं झालं तर सरकारी योजनांनी या उपचाराकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं, हे आपोआप दिसेल. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या इम्युनीलचं दुसरं भारतीय कार-टी औषध आलं. दोन कंपन्या झाल्या, म्हणजे किंमत उतरण्याची थोडी आशा धरता येते.

दुसरी मर्यादा जास्त कठीण आहे. आपल्या वस्त्यांत सर्रास दिसतो तो तोंडाचा कॅन्सर. गुटखा, मावा, मळलेल्या तंबाखूच्या पुड्यांचा. तिथे नेक्सकार१९ चालत नाही. रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी टी पेशींच्या वाटेतच असतात. गाठीत शिरायचं म्हणजे आधी तिथपर्यंत पोचावं लागतं, मग गाठीने भोवती तयार केलेलं, टी पेशींना थकवणारं वातावरण भेदावं लागतं. त्यात गाठीतल्या प्रत्येक पेशीवर एकच खूण नसते, आणि जी असते ती निरोगी पेशींवरही सापडते. रक्तातल्या चांगल्या बी पेशी मारल्या गेल्या तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देऊन भागवता येतं. फुप्फुसाच्या किंवा जिभेच्या पेशींचं तसं नाही. जगभरच्या प्रयोगशाळा याच भिंतीपाशी झटत आहेत. तोवर तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यातलं काहीही दिसलं की त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवणं हाच त्या कॅन्सरवरचा आपल्या हातातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.