जेहॉक : कॅन्ससचा बूट घातलेला पक्षी

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं नाव ‘जेहॉक्स’. निळं अंग, लाल डोकं, पिवळी चोच आणि पायात चक्क पिवळे बूट, असा त्यांचा पक्षी कुठल्याच रानात सापडत नाही. दुसऱ्यांच्या घरट्यांवर डल्ला मारणारा कलकल्या ब्लू जे आणि दबा धरून झडप घालणारा स्पॅरो हॉक, या दोघांना जोडून तो घडवला आहे.

या नावामागे रक्तपात आहे. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी, हे तिथल्या रहिवाशांनीच ठरवावं, असा कायदा १८५४ साली झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं तिथे येऊन थडकली. चकमकी आणि लुटालूट सुरू झाली. अशा टोळीवाल्यांना ‘जेहॉकर’ म्हणत. पुढे हे नाव गुलामगिरीच्या विरोधकांनाच चिकटलं. २१ ऑगस्ट १८६३ रोजी क्वांट्रिलच्या गुलामगिरीसमर्थक टोळीने लॉरेन्स गाव जाळलं आणि सुमारे दीडशे पुरुष व मुलगे मारले. त्याच गावात १८६६ मध्ये विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. एकेकाळी लुटारूंना लावलेलं नाव विद्यार्थ्यांनी अभिमानाने मिरवलं.

पक्ष्याच्या पायात बूट आले ते १९१२ साली, हेन्री मॅलॉय या विद्यार्थी व्यंगचित्रकाराच्या हातून. प्रतिस्पर्ध्यांना लाथा हाणायला बूट हवेतच, असं त्याचं म्हणणं! आजचा हसरा जेहॉक १९४६ चा.

संघाचा पहिला प्रशिक्षक होता खुद्द बास्केटबॉलचा जनक. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला आणि १८९८ मध्ये ते कॅन्ससला आले. त्यांच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले, ६० हरले. जिंकण्यापेक्षा हार जास्त, असा कॅन्ससचा दुसरा प्रशिक्षक झालेला नाही. त्यांचे शिष्य फॉरेस्ट ॲलन यांनी मात्र संघाला १९५२ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. पुढे १९८८, २००८ आणि २०२२ मध्येही कॅन्सस विजेता ठरला. १९५५ मध्ये उघडलेलं संघाचं क्रीडागृह ॲलन यांच्याच नावाचं आहे.

पण गुलामगिरीविरोधी लढ्याचं नाव लावणाऱ्या या संघात कृष्णवर्णीयांना मात्र बराच काळ जागा नव्हती. १९३० च्या दशकात जॉन मॅक्लेंडन हा विद्यार्थी नेस्मिथ यांच्याकडून खेळाचे बारकावे शिकला. संघातून खेळायची मुभा त्याला मिळाली नाही. लावॅनेस स्क्वायर्स हा पहिला कृष्णवर्णीय जेहॉक मैदानात उतरला तो १९५० चं दशक उजाडल्यावर. मॅक्लेंडन टेनेसीत प्रशिक्षक झाले आणि १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षं त्यांच्या संघाने एनएआयए ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. नेस्मिथ यांचं नाव असलेल्या बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना दोनदा स्थान मिळालं : १९७९ मध्ये खेळातील योगदानासाठी आणि २०१६ मध्ये प्रशिक्षक म्हणून.