समुद्राचाही नकाशा असतो, त्यात आपली वाळवणाची जागा आहे का?

मैत्रिणींनो, आपल्या जमिनीचा सातबारा असतो, घराचा उतारा असतो. पण ज्या वाळूवर आपण बोंबील-जवळा सुकवतो, ज्या खाडीत कालवं-तिसऱ्या काढतो, तिची नोंद कुठे असते?

समुद्र सगळ्यांचा म्हणतात. त्यामुळेच तिथे गर्दीही सगळ्यांचीच. मासेमारी, बंदर, मोठी जहाजं, पर्यटन, वाळू उपसा, शिवाय माशांच्या विणीची जागा. कुणी काय कुठे करायचं हे आधी बसून ठरवणं, याला ‘सागरी नियोजन’ म्हणतात. घरात चूल कुठे, देव्हारा कुठे, धान्याची कणगी कुठे हे आपण ठरवतो, तसंच. आपल्या देशात नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप इथे असं नियोजन सुरू झालं.

हद्द कुणाची?
किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंत मासेमारीचे नियम राज्य सरकार करतं. त्यासाठी 1981 चा महाराष्ट्र सागरी मासेमारी कायदा आहे. पावसाळ्यातली मासेमारी बंदी त्याच कायद्याखाली येते. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंतचा कारभार केंद्राकडे.

किनाऱ्यावर काय?
इथे 2019 ची किनारा नियमन अधिसूचना लागू होते. सगळे तिला ‘सीआरझेड’ म्हणतात. भरतीची रेषा धरून कुठे बांधकाम चालेल, कुठे नाही, हे त्यात आहे. कांदळवनाला सगळ्यात कडक संरक्षण आहे. या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा किनारा आराखडा, म्हणजे नकाशा तयार होतो. मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, मासळी सुकवण्याच्या जागा त्यात दाखवायच्या असतात.

इथेच खरी मेख आहे. होडी पुरुषांच्या नावावर असते, तिची नोंद होते. पण मासळी निवडणं, सुकवणं, विकणं हे बायकांचं काम, आणि त्या जागेचा कागद कुणाकडेच नसतो. नकाशावर वलांडी दिसली नाही, तर बाहेरच्या माणसाला ती नुसती मोकळी वाळू वाटते. उद्या तिथे रस्ता किंवा रिसॉर्ट आलं, तर “इथे आम्ही बसत होतो” हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

गटाने काय करायचं?
1. पुढच्या बैठकीत मोठ्या कागदावर गावाचा किनारा काढा. वाळवण, कालवांची जागा, होड्या लावायची जागा, खाडीची वाट, सगळं दाखवा. म्हाताऱ्या बायकांना आवर्जून विचारा.
2. जिल्हाधिकारी कार्यालयात किनारा आराखड्याची चौकशी करा. आपला कागद त्याच्याशी ताडून बघा.
3. ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे ठराव घ्या, इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत मागून घ्या.
4. नव्या आराखड्याची जाहीर सुनावणी लागली, की लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. एकदा मंजूर झालेला आराखडा सहसा 5 वर्षं बदलत नाही, म्हणून वेळ चुकवू नका.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. कांदळवन राहिलं, म्हणून तो धंदा उभा राहिला. तसं आपलं वाळवणही राहिलं पाहिजे.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत हप्ते, कर्ज झालं की अर्धा तास या कागदाला द्या. ज्या गटांचा नकाशा तयार होईल, त्यांनी तो ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन यावा.