कॉन्टेसा आणि 118 एनई : दिमाख व दम

कोलकात्याजवळील उत्तरपाड्यात घडलेली हिंदुस्थान कॉन्टेसा लांबलचक बॉनेटमुळे अमेरिकी मसल कारसारखी भासत असली, तरी आरंभी तिला ॲम्बॅसडरचेच 1489 सीसी इंजिन असल्याने त्या दिमाखाला साजेसा दम तिच्यात नव्हता. याउलट कुर्ल्याच्या प्रीमियर 118 एनईला निस्सानचे 1171 सीसी इंजिन पुरले, कारण फियाट 124 वर बेतलेली तिची काया हलकी होती आणि प्रवेग, म्हणजे वेग वाढण्याचा दर, अश्वशक्तीइतकाच वजनावरही अवलंबून असतो. पुढे इसुझूचे 1817 सीसी इंजिन आणि पाच गिअर लाभल्यावर कॉन्टेसाने बाजी उलटवली. मोकळ्या महामार्गावर ती निःसंशय सरस ठरली, अर्थात पेट्रोल पिण्यातही.