झोपेची जुनी बाटली आणि ब्रोमाइड

"डॉक्टरसाहेब, रातभर डोळ्याले डोळा लागत नाही जी. पूर्वी आमच्या बाबाले बाटलीतलं औषध भेटे, तसंच द्या न!" परवा एका आजोबांनी हट्टच धरला.

पूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर मिक्श्चर तयार करी आणि बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी. झोपेच्या आणि फिटच्या अशा मिक्श्चरात पोटॅशियम ब्रोमाइड वापरले जाई. १८५७ मध्ये लंडनचे डॉ. चार्ल्स लोकॉक यांनी फिट्सवर त्याचा उपयोग सांगितला. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन आले आणि ब्रोमाइड हळूहळू मागे पडले.

ते मागे का पडले? ब्रोमाइड दिसते मिठासारखेच. पांढरे, खारट, पाण्यात सहज विरघळणारे. मिठातले क्लोरिन आणि हे ब्रोमिन एकाच कुळातले. त्यामुळे आपले मूत्रपिंड फसते आणि ब्रोमाइडला क्लोराइड समजून शरीरातच ठेवून घेते. घेतलेल्या मात्रेपैकी निम्मी बाहेर पडायला सुमारे १२ दिवस लागतात. रोज घेणाऱ्याच्या रक्तात ते साठतच जाते. रक्तदाबामुळे मीठ कमी केलेल्या माणसात तर ते आणखी रेंगाळते.

मग सुस्ती येते, विसर पडतो, जीभ अडखळते, तोल जातो, अंगावर पुटकुळ्या उठतात, भासही होतात. घरचे म्हणतात, "म्हातारा भ्रमला." दोष मात्र औषधाचा असतो! ते बंद करून सलाइनवाटे मीठ-पाणी दिले की ब्रोमाइड लघवीतून निघून जाते आणि बहुतेक रुग्ण सुधारतात.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. अमेरिकेतील एका साठ वर्षांच्या गृहस्थाने मिठाऐवजी तीन महिने सोडियम ब्रोमाइड खाल्ले. भास होऊन त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. ही हकीकत २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

खोकल्याच्या औषधावर 'हायड्रोब्रोमाइड' वाचून मात्र घाबरू नका. सांगितलेल्या मात्रेत त्यातील ब्रोमाइड अगदी थोडे असते. मनानेच महिनोन्‌महिने बाटल्या रिचवू नका, एवढेच.

आजोबांना मी बाटली दिली नाही. विचारपूस केली, तेव्हा कळले की संध्याकाळनंतर तीन कप चहा होतो आणि दुपारी दोन तास झोप. आधी तेवढे कमी करायला सांगितले. वाचकहो, झोप येत नसेल तर घरातली सगळी औषधे, पुड्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. निनावी पुडीतली झोप महागात पडते.