बारा व्होल्ट जातात कुठे?

भंडारदऱ्याच्या पाण्याला विजेचं अप्रूप नाही. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पुरं झालं, त्याच्या पायथ्याशी वीजघर आहे. वर घाटघरला तर पाणी खाली सोडून वीज करायची आणि तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, असा 250 मेगावॉटचा प्रकल्प चालतो. आणि शेंडीच्या काठावर आमची बोट 12 व्होल्टसाठी अडून बसली होती. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाकडे पाण्यावरून जायचा बेत होता. चावी फिरवली की ‘टक्’. पुन्हा ‘टक्’. इंजिन गप्प.

“बॅटरीच बसली, दुसरं काय!” बोटवाला म्हणाला. पण हीच बॅटरी त्याने पंधरवड्यापूर्वी नवी घातली होती. जुनी हाच त्रास देत होती. नवीवर दोन दिवस बोट झकास सुरू झाली, मग पुन्हा तेच. शिवाय हॉर्न खणखणीत वाजत होता, दिवा लागत होता.

मल्टिमीटर लावला तर 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी. इथेच बहुतेकांची फसगत होते. काहीच चालू नसताना मीटर बॅटरीतून जवळजवळ प्रवाह ओढत नाही, आणि प्रवाह नसेल तर वाटेतला अडथळा दिसतच नाही. बंद नळाच्या पाइपात कचरा अडकलाय की नाही, हे नळ सोडल्याशिवाय कळतं का?

ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: प्रवाह गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज. समजा, एखाद्या जोडावर 0.05 ओहम रोध आहे. किरकोळच. हॉर्न 4 अँपिअर ओढतो, जोडावर 0.2 व्होल्ट जातात, त्याला पत्ताही लागत नाही. पण सेल्फची मोटर 100 अँपिअर मागते. तेवढ्या प्रवाहाला त्याच जोडावर 5 व्होल्ट खर्ची पडतील. मोटरच्या वाट्याला उरलेल्या सातेक व्होल्टमध्ये रिले ‘टक्’ करतो, इंजिन मात्र फिरत नाही. हरवलेली वीज जोडावरच उष्णता होऊन जाते. दोनचार वेळा सेल्फ मारून क्लॅम्पला बोट लावलं तर चटका बसतो. (बेताने लावावं.)

म्हणून मोजायची जागा बदलली. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या क्लॅम्पवर. मध्ये अंतर बोटभरसुद्धा नाही. चावी फिरवली. चांगल्या जोडावर इथे शून्याच्या आसपास आकडा दिसायला हवा. आम्हाला दिसला 4.3.

आधी निगेटिव्हची, मग पॉझिटिव्हची वायर सोडली. हा क्रम पाळायचाच. नाहीतर पान्हा इंजिनाला टेकून ठिणगी उडते, आणि चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते, शेजारी पेट्रोलची टाकी असते. क्लॅम्पच्या आत पांढरी भुकटी आणि काळपट थर होता. बाहेरून सगळं चकचकीत. नवी बॅटरी बसवताना क्लॅम्प हलला, थर थोडा खरवडला गेला, म्हणून दोन दिवस बरे गेले. पुढे इंजिनाच्या हादऱ्यांनी तो सैल झाला, ओल शिरली आणि पहिले पाढे पंचावन्न. पॉलिश पेपरने घासलं, आवळलं, वर व्हॅसलीन फासलं. कोकणातल्या खाऱ्या हवेत याहून वाईट गत होते: तांबं रबराच्या आतपर्यंत काळं पडत जातं, तेव्हा वायरच बदलावी लागते.

अर्थात प्रत्येक वेळी बॅटरी निर्दोष नसते. तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या स्विचमधून 0.05 अँपिअर गळत असले, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. 60ची बॅटरी 25 दिवसांत निम्म्यावर येते. अकोले तालुक्याच्या या भागात पावसाळ्यात बोटी आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. अशा वेळी निगेटिव्ह काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

चावी फिरवली आणि पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. वाटेत बोटवाल्याला विचारलं, ती जुनी बॅटरी भंगारात दिली का?

“नाही, गोठ्यात आहे,” तो म्हणाला. “लाइट गेली की तिच्यावरच बल्ब लावतो. रात्रभर पुरते.”