नावापुरतं आर्ट्स नको

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत ठरलेला हिशेब सुरू होतो. चांगले टक्के असतील तर सायन्स, बरे असतील तर कॉमर्स, काहीच जमलं नाही तर आर्ट्स. मुलींसाठी तर आर्ट्स म्हणजे निकाह ठरेपर्यंत नावापुरतं कॉलेज!

नाशिकच्या गंगापूर रोडवर डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या क्लासच्या पाट्या आधी नजरेत भरतात. पण याच रस्त्यावर १९६९ साली सुरू झालेलं केटीएचएम कॉलेज आहे. तिथे कला शाखाही आहे. पुढे धरणाजवळ १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घर किंवा नोकरी सांभाळून त्याची बी.ए. करता येते. दारं उघडी आहेत, आडवा येतो तो आपला समज.

हे विषय आपल्या काय कामाचे? मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानच्या जमिनीचा वाद निघाला की जुने कागद शोधावे लागतात. त्यांतले कितीतरी फारसीत नाहीतर मोडीत असतात. आपल्यात ते वाचणारं कोणी नसेल, तर दुसरा सांगेल तेच खरं मानावं लागतं. इतिहास आणि भाषा मनापासून शिकलेली एक मुलगी इथे साऱ्या मोहल्ल्याचा आधार होऊ शकते.

डॉ. यू. म. पठाण यांनी संत आणि महानुभाव साहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठीशी आपलं नातं काय, असं कोणी विचारलं तर हे नाव पुरेसं आहे.

राहिला रोजीरोटीचा प्रश्न. बी.ए. झालं की लगेच नोकरी मिळते असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यानंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं, बी.एड. करता येतं, एमपीएससी-यूपीएससीची परीक्षा देता येते. मात्र गाईडवर पास होणाऱ्याला या वाटा अवघड जातात. वर्गात बसावं लागतं, मूळ पुस्तकं वाचावी लागतात.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. फॉर्म भरण्याआधी मुलाला, मुलीला विचारा, कोणता विषय आवडतो? आर्ट्स घेतलं तर पुस्तकांना पैसे द्या, अभ्यासाला वेळ द्या. आणि मधेच निकाह ठरला, तर मुलीची पदवी पूर्ण होईल हेही त्याच बैठकीत ठरवून घ्या.