‘सिद्ध झाली नाही’ म्हणजे ‘खोटी’ नव्हे

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर संशोधन करायचंय? मग तक्ता आखण्याआधी २०१३ च्या कायद्याचं कलम १४ वाचा. तक्रारीला पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदार स्त्रीवर कारवाई होत नाही. तक्रार आकसाने केली, हे चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. म्हणून सिद्ध न झालेल्या तक्रारी ‘खोट्या’च्या रकान्यात टाकू नका. पण हाच न्याय पुरुषालाही लावा. आरोप सिद्ध झाला नसेल, तर ‘दोषी होता, पण सुटला’ असंही गृहीत धरू नका. रकाने तीन ठेवा: सिद्ध, असिद्ध, आकसाने केलेली. समितीने जे म्हटलंच नाही, ते आपल्या तक्त्याने म्हणू नये.